वडिलांसाठी भेटीचा ब्रेड: कृती, पॅकिंग, किंमत आणि विक्री यांचे बेकरीसाठी सविस्तर मार्गदर्शन

रोजचा ब्रेड आणि भेटीचा ब्रेड यांच्या दिसण्यातला फरक कोणाच्याही लक्षात येतो, पण धंद्याच्या दृष्टीने खरा फरक वेळेचा आहे. रोजचा ब्रेड घेणारा माणूस तो बहुधा त्याच दिवशी कापतो. भेटीचा ब्रेड एक जण विकत घेतो, दुसराच तो उघडतो, आणि या दोन गोष्टींच्या मध्ये कधी काही तास, तर कधी दोन-तीन दिवस जातात. फादर्स डेला बेकऱ्यांकडून होणारी बहुतेक निराशा या मधल्या वेळेत घडते: शनिवारी दुकानात मऊ आणि चकचकीत दिसणारा ब्रेड रविवारी सकाळी कोरडा पडलेला असतो, नाहीतर पिशवीच्या आत घामेजलेला असतो. त्यामुळे चव, सजावट आणि जाहिरात ठरवण्याआधी हा ब्रेड नेमका केव्हा, कुठे आणि कशासोबत कापला जाणार आहे, हे ठरवावे. पुढचे सर्व टप्पे याच प्रश्नाला धरून मांडले आहेत.

तारीख आणि तयारीचा काळ

फादर्स डे सगळीकडे एकाच दिवशी येत नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि भारतासह अनेक देशांत तो जूनमधल्या तिसऱ्या रविवारी असतो, त्यामुळे तारीख १५ ते २१ जूनच्या दरम्यान सरकत राहते. २०२६ मध्ये ती २१ जून आहे आणि २०२७ मध्ये २० जून. स्पेन, इटली आणि पोर्तुगालमध्ये हा दिवस १९ मार्चला, म्हणजे संत जोसेफच्या सणाला येतो. ब्राझीलमध्ये तो ऑगस्टमधल्या दुसऱ्या रविवारी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरमधल्या पहिल्या रविवारी, तर स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमध्ये नोव्हेंबरमधल्या दुसऱ्या रविवारी असतो. परदेशात राहणारी मुले आपल्या देशातल्या तारखेप्रमाणे मागणी नोंदवतात, याचा अनुभव ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या बेकऱ्यांना येतो. ऑर्डरच्या फॉर्मवर ‘कोणत्या तारखेला हवा’ हा रकाना ठेवल्यास पुष्कळ गोंधळ टळतो.

हा सण तसा नवा आहे. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात १९ जून १९१० रोजी तो साजरा झाला आणि तिथे कायद्याने त्याला कायमचे स्थान मिळाले ते थेट १९७२ मध्ये. नाताळला जसे स्टोलन किंवा पानेत्तोने ठरलेले आहे, तसा या दिवसाचा सर्वमान्य ब्रेड नाही. संत जोसेफच्या सणासाठी सिसिलीत दाढी आणि काठीच्या आकाराचे शोभिवंत ब्रेड भाजले जातात, पण तो अपवाद आहे आणि तोही धार्मिक परंपरेतला. त्यामुळे बेकरीला पूर्ण मोकळीक मिळते. अडचण एवढीच की, ग्राहक आपण होऊन विशिष्ट ब्रेड मागायला येत नाही. तो का घ्यावा हे त्याला सांगावे लागते.

तयारीला किमान सहा आठवडे हाताशी असावेत. पहिले दोन आठवडे चाचणी भाजणी आणि साठवणीची परीक्षा यांत जातात, तिसऱ्या आठवड्यात पॅकिंगचे साहित्य मागवून छायाचित्रे काढायची असतात, आणि सणाच्या तीन आठवडे आधी ऑर्डर घ्यायला सुरुवात करायची असते. छापील खोकी वेळेवर न येणे ही या कामातली नेहमीची डोकेदुखी आहे. म्हणून साधी खोकी घ्यावीत आणि त्यांवर वेगळा छापलेला कागदी पट्टा चढवावा. पट्टा उशिरा आला तरी खोकी वाया जात नाहीत आणि उरलेली खोकी पुढच्या सणाला वापरता येतात.

खाणारा आणि विकत घेणारा

विकत घेणारा बहुधा मुलगा, मुलगी, सून किंवा पत्नी असते. खाणारे वडील असतात. बेकरीने दोघांचाही वेगवेगळा विचार करावा. घेणाऱ्याला भेट देखणी हवी असते, वेळेवर हवी असते आणि निवड करताना फार डोके चालवायला नको असते. खाणाऱ्याला आपल्या रोजच्या सवयीत बसेल असे काहीतरी आवडते. मिशा, टाय आणि ‘वर्ल्ड्स बेस्ट डॅड’ या ठरावीक चित्रांवर मला फारसा विश्वास नाही. ती घेणाऱ्याला क्षणभर गंमतीदार वाटतात, पण ब्रेडच्या चवीशी त्यांचा काहीच संबंध नसतो. त्याऐवजी वडिलांच्या दिवसातली एक वेळ निवडावी: सकाळचा चहा किंवा कॉफी, रविवारचा उशिराचा नाश्ता, संध्याकाळचे खारे खाणे किंवा प्रवासात नेण्याचा डबा. एकदा वेळ ठरली की, ब्रेड गोड असावा की खारा, त्याचे काप जाड हवेत की पातळ आणि तो किती दिवस टिकला पाहिजे, हे आपोआप ठरत जाते.

प्रकारांची संख्या तीनच्या वर नेऊ नये. एक गोडसर आणि मऊ, एक खारा आणि जाड कवचाचा, आणि हवा असल्यास तिसरा दोन्हींचे छोटे नमुने असलेला खोका. चौथा प्रकार वाढवला की विक्री फारशी वाढत नाही. मिक्सर धुण्याचा वेळ, सुट्ट्या साहित्याचा साठा आणि चुकीचा खोका चुकीच्या माणसाकडे जाण्याची शक्यता मात्र वाढते. क्रीम भरलेले किंवा ताजे चीज घातलेले प्रकार भेटीसाठी शक्यतो टाळावेत, कारण त्यांना शीतकपाट लागते आणि ब्रेड शीतकपाटात सर्वांत लवकर शिळा होतो. शून्य ते पाच अंश सेल्सिअस या तापमानात स्टार्चचे पुन्हा स्फटिकीभवन वेगाने होते आणि गर कडक पडतो. ब्रेड ठेवायचाच असेल तर खोलीच्या तापमानाला ठेवावा, नाहीतर थेट उणे १८ अंशांना गोठवावा.

एक कृती जवळून: कॉफी, अक्रोड आणि खजुराचा ब्रेड

सकाळच्या कॉफीसोबत खाता येईल, दोन-तीन दिवस मऊ राहील आणि फार गोड नसेल, असा ब्रेड भेटीसाठी योग्य ठरतो. खालचे प्रमाण एकूण पिठाच्या टक्केवारीत, म्हणजे पीठ १०० धरून दिले आहे. जास्त ग्लूटेनचा (पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचा) मैदा ८०, गव्हाचे पूर्ण पीठ २०, शिजवलेल्या पेस्टसाठी पाणी २५, थंड कडक कॉफी ४०, लोणी १०, ब्राउन शुगर ८, मीठ १.८, इन्स्टंट यीस्ट १.२, भाजलेले अक्रोड २० आणि बिया काढून चिरलेला खजूर २०. एकूण बेरीज २२६ होते. याचा अर्थ १ किलो पिठापासून सुमारे २,२६० ग्रॅम मळलेले पीठ मिळते आणि त्याचे प्रत्येकी ५६० ग्रॅमचे चार गोळे होतात. भाजताना आणि थंड होताना सुमारे १२ टक्के वजन घटते, म्हणून तयार ब्रेड साधारण ४९० ग्रॅमचा उतरतो. लेबलवर ४८० ग्रॅम लिहावे, म्हणजे एखादा ब्रेड थोडा हलका झाला तरी लिहिलेल्या वजनापेक्षा कमी भरणार नाही.

पेस्टसाठी एकूण मैद्यातला ५० ग्रॅम मैदा २५० ग्रॅम पाण्यात कालवून मंद आचेवर ६५ अंशांपर्यंत ढवळत न्यावा. मिश्रण दाट होते आणि चमच्याच्या मागे स्पष्ट रेघ उमटू लागते. या तापमानाला स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो, आणि तेच पाणी पुढे दोन-तीन दिवस गराला मऊ ठेवते. भेटीच्या ब्रेडसाठी मला ही पायरी अनिवार्य वाटते. टिकवण्यासाठी रसायन घालण्याचा विचार करण्याआधी हा उपाय करून पाहावा. पेस्ट झाकून पूर्ण थंड होऊ द्यावी. कॉफीसाठी २० ग्रॅम विरघळणारी कॉफी ४०० ग्रॅम पाण्यात मिसळून थंड करून ठेवावी.

अक्रोड १६० अंशांना आठ ते दहा मिनिटे भाजावेत, पूर्ण गार करावेत आणि सुटणारी साले हाताने चोळून काढावीत. सालांतल्या टॅनिनमुळे गराला जांभळट करडी छटा येते. ती खराबी नसते, पण घेणाऱ्याला बुरशीची शंका येऊ शकते. खजूर थोड्या पिठात घोळवावा, म्हणजे एकाच जागी चिकटून गोळा होत नाही. खजुराऐवजी मनुका वापरायच्या असतील तर त्या कोमट पाण्यात २०-३० मिनिटे भिजवून चांगल्या निथळाव्यात. कोरड्या मनुका पिठातले पाणी ओढून घेतात आणि ब्रेड दुसऱ्याच दिवशी कोरडा वाटतो.

मळण्याआधी पाण्याच्या तापमानाचा हिशेब करावा. मळलेले पीठ २५ अंशांवर निघावे अशी अपेक्षा असेल, तर २५ ला तीनने गुणून ७५ घ्यावेत आणि त्यातून खोलीचे तापमान, पिठाचे तापमान आणि मिक्सरच्या घर्षणाने वाढणारे तापमान वजा करावे. खोली ३० अंश, पीठ २८ अंश आणि घर्षण १० अंश असेल, तर उत्तर ७ अंश येते. म्हणजे कॉफी शीतकपाटातूनच काढून वापरावी लागेल. घर्षणाचा आकडा प्रत्येक मिक्सरचा वेगळा असतो, तो चाचणीच्या दिवशीच मोजून भिंतीवर लिहून ठेवावा. गरम दिवसांत हा हिशेब चुकला की पीठ वेळेआधी फुगते, आणि एकामागून एक येणाऱ्या घाण्यांचे सगळे वेळापत्रक कोसळते.

लोणी, अक्रोड आणि खजूर सोडून बाकी सर्व साहित्य मळून ग्लूटेन बऱ्यापैकी तयार झाल्यावर लोणी थोडे थोडे घालावे. ताणलेल्या पिठाचा पातळ पडदा न फाटता धरला, की अक्रोड आणि खजूर सर्वांत कमी वेगावर एक-दोन मिनिटेच मिसळावेत. झाकून ७५ ते ९० मिनिटे फुगवावे, वजन करून गोळे वळावेत, १५-२० मिनिटे विसावा द्यावा आणि आकार देऊन साच्यात ठेवावेत. साचा निवडताना त्यात मावणारे पाणी मोजावे. गोळ्याच्या ग्रॅममधल्या वजनाच्या साधारण तिप्पट मिलिलिटर, म्हणजे येथे सुमारे १,७०० मिलिलिटरचा साचा योग्य ठरतो. दुसऱ्यांदा फुगल्यावर बोटाने हलके दाबलेला खड्डा सावकाश आणि अर्धवट भरून येतो, तेव्हा ब्रेड ओव्हनमध्ये घालण्याची वेळ झालेली असते. १९० अंशांना ३० ते ३५ मिनिटे भाजावे आणि गाभ्याचे तापमान ९२-९३ अंश झाल्यावर बाहेर काढून लगेच साच्यातून सोडवावे. साच्यातच ठेवलेला ब्रेड तळाशी ओला पडतो आणि त्याच्या बाजू आत बसतात.

साखरेचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर नेण्याची इच्छा असेल, तर जास्त साखर सहन करणारे यीस्ट वापरावे. दालचिनी घालायची असेल तर हात आखडता ठेवावा, कारण ती यीस्टची गती मंदावते. जास्त हवी असल्यास ती पिठात मळण्याऐवजी घडीमध्ये पसरावी.

खाऱ्या प्रकारासाठी ३० टक्के राय धान्याचे पीठ आणि ७० टक्के मैदा, ७२ टक्के पाणी, २ टक्के मीठ आणि सॉरडोचे (पीठ-पाणी नैसर्गिकरीत्या आंबवून केलेले) विरजण असा आधार घेऊन त्यात परतलेला कांदा आणि जाडसर कुटलेली मिरी घालता येते. विरजणाच्या आंबटपणामुळे हा ब्रेड दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागतो, त्यामुळे भेटीच्या वेळापत्रकात तो सहज बसतो. लसूण घालायची असेल तर ती भाजून किंवा परतूनच घालावी. कच्च्या लसणातली गंधकयुक्त संयुगे ग्लूटेन सैल करतात आणि ब्रेड पसरट होतो.

नाव आणि सजावट

नाव लिहिलेला ब्रेड भेट म्हणून सर्वाधिक भाव खातो, आणि चुकलेल्या नावाचा ब्रेड सर्वाधिक तक्रारी आणतो. नाव ग्राहकाकडून लिहूनच घ्यावे, फोनवर ऐकून टिपू नये. कमी तेल-लोण्याच्या ब्रेडवर भाजण्याआधी अक्षरे कापलेला साचा (स्टेन्सिल) ठेवून तांदळाचे पीठ चाळले, तर अक्षरे पांढरीच राहतात, कारण तांदळाचे पीठ फारसे तांबूस होत नाही. पिठीसाखर मात्र ओलावा शोषून घेते आणि बंद पिशवीत काही तासांतच विरघळून जाते. दुकानातल्या छायाचित्रात सुरेख दिसणारे नाव घरी पोचेपर्यंत पुसले गेलेले असते. अक्षरे ठसठशीत आणि थोडी असावीत. ब्रेड फुगताना रेषा रुंदावतात आणि अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते, म्हणून पाच-सहा अक्षरांच्या वरचे नाव ब्रेडवर न घालता पट्ट्यावर लिहिणे बरे.

दुसरा मार्ग यीस्ट नसलेल्या पिठाच्या सजावटीचा आहे. मैदा १००, पाणी ५० आणि मीठ २ या प्रमाणात थोडे तेल घालून घट्ट मळावे, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे लाटावे, आकार कापून पाण्याने चिकटवावेत. हे पीठ फुगत नाही, त्यामुळे आकार नेमके राहतात. हे काम सावकाश होते, म्हणून ठरावीक संख्येपुरतेच आणि जास्त किमतीला ठेवावे.

थंड करणे, पॅकिंग आणि लेबल

ब्रेड जाळीवर दोन ते तीन तास थंड होऊ द्यावा आणि गाभ्याचे तापमान सुमारे ३० अंशांपर्यंत उतरल्याशिवाय पिशवीत घालू नये. घाईत गरम भरलेल्या ब्रेडची वाफ पिशवीच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपात जमते, कवच चिवट होते आणि बुरशीला आयती जागा मिळते. उष्ण आणि दमट हवेत याहून मोठा धोका ‘रोप’ या दोषाचा असतो. बॅसिलस गटातल्या जिवाणूंचे बीजाणू पिठातून येतात, भाजण्याच्या तापमानातही टिकून राहतात आणि उबदार ब्रेडमध्ये वाढतात. ब्रेड बाहेरून ठणठणीत दिसतो. कापल्यावर मात्र आत पिकून उतरलेल्या खरबुजासारखा वास येतो आणि गर ओढल्यास चिकट तंतू निघतात. ब्रेड लवकर थंड करणे, मिक्सर आणि जाळ्या स्वच्छ ठेवणे आणि पिठाचा आंबटपणा थोडा वाढवणे, हे त्यावरचे उपाय आहेत. दुसऱ्या गावी पाठवायच्या ब्रेडमध्ये थोडे सॉरडो घालण्याचे हे एक चांगले कारण आहे.

मऊ ब्रेडला खाद्यपदार्थांसाठीची पारदर्शक पिशवी आणि तिच्या बाहेर खोका किंवा पट्टा असावा; जाड कवचाच्या ब्रेडला कागदी पिशवी किंवा बारीक छिद्रांची पिशवी असावी, नाहीतर कवच मऊ पडते. चाचणीच्या वेळी प्रत्येक प्रकाराचे तीन ब्रेड नेमक्या विक्रीच्या पॅकिंगमध्ये भरावेत आणि एक २४ तासांनी, दुसरा ४८ तासांनी, तिसरा ७२ तासांनी कापून पाहावा. लेबलवरची ‘या तारखेपर्यंत उत्तम’ ही मुदत या चाचणीवरून ठरवावी, शेजारच्या बेकरीच्या लेबलवरून नव्हे.

लेबलवर घटक, निव्वळ वजन, भाजल्याची तारीख आणि ॲलर्जी निर्माण करणारे घटक स्पष्ट असावेत. युरोपीय संघात असे १४ घटक जाहीर करावे लागतात. अमेरिकेत २०२३ पासून तिळाची भर पडून मुख्य घटकांची संख्या ९ झाली आहे. प्रत्येक देशाची यादी वेगळी असल्याने आपल्या ठिकाणचा नियम पाहूनच लेबल छापावे. वरच्या कृतीत गहू, दूध आणि अक्रोड येतात. त्याच टेबलावर अंडी किंवा तीळ वापरले जात असतील, तर तेही सांगावे. कॉफी किंवा बिअर असेल तर ती समोरच्या बाजूला ठळक लिहावी. वडिलांच्या वयाचा विचार करून ‘मधुमेहींसाठी योग्य’ असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. साखर किती आहे एवढेच सांगावे, निर्णय घरच्यांवर सोडावा.

लेबलच्या मागे किंवा वेगळ्या चिठ्ठीवर खाण्याची पद्धत लिहावी: ‘दीड सेंटिमीटर जाडीचे काप करावेत, हलके भाजून लोणी लावावे, शीतकपाटात ठेवू नये, उरल्यास काप करून गोठवावेत.’ एवढ्या चार ओळींमुळे ब्रेड हवा तसा खाल्ला जातो.

किती भाजता येईल, याचा प्रामाणिक हिशेब

समजा ओव्हनमध्ये एका वेळी २४ साचे बसतात आणि भाजणे, काढणे व पुन्हा भरणे धरून एका फेरीला ४५ मिनिटे लागतात. चार तासांत पाच फेऱ्या, म्हणजे १२० ब्रेड निघतील. मिक्सरमध्ये एका घाण्याला २० किलो मळलेले पीठ होत असेल, तर ५६० ग्रॅमचे ३५ गोळे निघतात. १२० ब्रेडसाठी चार घाणे लागतील. येथपर्यंतचा हिशेब बहुतेक बेकऱ्या करतात. राहून जाते ती थंड करण्याची जागा आणि पॅकिंग. एका खोक्याला तीन मिनिटे धरली, तरी १२० खोक्यांना सहा तासांचे मनुष्यबळ लागते. दोन माणसांना तीन तास. नाव जुळवणे आणि चिठ्ठी ठेवणे धरले तर वेळ आणखी वाढतो. म्हणून ऑर्डरची कमाल मर्यादा ओव्हनवरून न ठरवता या सर्व टप्प्यांतल्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरवावी, आणि ती गाठल्यावर ऑर्डर बंद झाल्याचे जाहीर करावे.

रविवारच्या सणासाठी मऊ ब्रेड शनिवारी दुपारी भाजून संध्याकाळी पॅक करणे सोयीचे पडते. सॉरडोचे गोळे शुक्रवारी रात्री चार अंशांना ठेवून शनिवारी सकाळी भाजता येतात, त्यामुळे दोन्ही प्रकारांसाठी ओव्हनवर झुंबड होत नाही. पट्टे दुमडणे, चिठ्ठ्या कापणे आणि नावांची यादी लावणे ही कामे गुरुवारपर्यंत संपलेली असावीत.

किंमत

एका ब्रेडच्या खर्चात साहित्य, पॅकिंग, मजुरी, इंधन, पोचवण्याचा खर्च आणि ऑनलाइन मंचाचे कमिशन यांसोबत वाया जाणारा मालही धरावा. शंभर ब्रेड भाजून पंचाऐंशी विकले गेले, तर शंभरांचा खर्च पंचाऐंशींवर पडतो, म्हणजे प्रत्येकाचा खर्च सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. आगाऊ ऑर्डरवर भाजलेल्या मालात ही वाढ जवळजवळ नसते. म्हणून आगाऊ नोंदवणाऱ्याला थोडी सवलत देणे परवडते आणि शेवटच्या दिवशी येणाऱ्याला देण्याचे कारण उरत नाही.

नफ्याच्या हिशेबातही एक चूक वारंवार होते. एकूण खर्च १०० असेल आणि विक्रीवर ३५ टक्के नफा हवा असेल, तर १०० मध्ये ३५ मिळवून १३५ किंमत लावली जाते. प्रत्यक्षात १३५ वर ३५ म्हणजे सुमारे २६ टक्केच होतात. बरोबर किंमत १०० भागिले ०.६५, म्हणजे सुमारे १५४ येते. ही किंमत जास्त वाटत असेल तर पॅकिंग साधे करावे. अक्रोड कमी करून तेवढीच सजावट ठेवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे, कारण ब्रेड कापल्यावर ते लगेच दिसते.

लोकांपर्यंत पोचवणे

छायाचित्रात बंद खोका दाखवण्यापेक्षा कापलेला ब्रेड दाखवावा. खिडकीतून येणारा उजेड एका बाजूने पडू द्यावा, एक काप पुढे पडलेला असावा, अक्रोडाचे तुकडे आणि गराची जाळी स्पष्ट दिसावी, शेजारी कॉफीचा कप असावा. खोक्याचे चित्र दुसऱ्या क्रमांकावर चालेल. मजकुरात विशेषणांची गर्दी नको. ‘बाबांसाठी खास, प्रेमाने बनवलेला, अप्रतिम चवीचा ब्रेड’ या वाक्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. ‘कमी गोड, कॉफीचा हलका कडवटपणा, भरपूर भाजलेले अक्रोड, शनिवारी संध्याकाळी घेतला तर मंगळवारपर्यंत मऊ राहतो’ यातून त्याचा निर्णय होतो. अर्थात, मंगळवारचे वचन ७२ तासांच्या चाचणीत उतरले असेल तरच द्यावे.

प्रसिद्धीचा क्रम सोपा ठेवावा. तीन आठवडे आधी जुन्या ग्राहकांना व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर पहिली सूचना द्यावी. रोज येणारे ग्राहक हीच सर्वांत खात्रीची बाजारपेठ असते. दोन आठवडे आधीच्या शनिवार-रविवारी काउंटरवर चवीसाठी लहान तुकडे ठेवावेत आणि तिथेच नोंदणीची वही किंवा क्यूआर कोड ठेवावा, म्हणजे चव जिभेवर असतानाच ऑर्डर होते. शेवटच्या आठवड्यात रोज नवी जाहिरात करण्याऐवजी फक्त नोंदणी केव्हा बंद होणार हे सांगावे. नाव लिहिलेल्या ब्रेडची नोंदणी गुरुवारी आणि साध्या ब्रेडची शुक्रवारी बंद करणे व्यवहार्य ठरते.

फॉर्मवर मोजकेच प्रश्न असावेत: कोणता ब्रेड, ब्रेडवर किंवा चिठ्ठीवर काय लिहायचे, स्वतः नेणार की पोचवायचा, कोणत्या दिवशी कापला जाणार आणि घरात कोणाला ॲलर्जी आहे का. कापण्याच्या दिवसाच्या उत्तरावरून कोणता ब्रेड शेवटच्या फेरीत भाजायचा, हे ठरवता येते. दुसऱ्या गावी पाठवायच्या ऑर्डरी वेगळ्या काढून त्यांची शेवटची तारीख दोन-तीन दिवस अलीकडे आणावी आणि स्वतःच्या पत्त्यावर एक पार्सल मागवून खोका प्रवासात कसा टिकतो ते पाहावे.

‘बाबा’ हा शब्द सगळ्यांसाठी सारखा आनंदाचा नसतो. ज्यांचे वडील हयात नाहीत किंवा ज्यांचे नाते तुटलेले आहे, अशा ग्राहकांना तीन आठवडे सतत येणारे संदेश टोचतात. पहिल्याच संदेशात ‘या विषयाचे संदेश नको असतील तर कळवा’ अशी एक ओळ द्यावी आणि उत्तर येईल त्यांना खरोखरच वगळावे. आजोबा, काका, सासरे, शिक्षक, प्रशिक्षक यांच्यासाठीही हाच ब्रेड घेता यावा, म्हणून पट्ट्यावर छापील ‘बाबा’ न घालता मोकळी जागा ठेवावी. त्यामुळे उरलेले पट्टे वर्षअखेरीच्या सुट्ट्यांतही कामी येतात.

कार्यालयांच्या ऑर्डरी आकर्षक दिसतात, पण त्या शुक्रवारी पोचवाव्या लागतात आणि ब्रेड रविवारी कापला जाण्याची शक्यता असते. अशा ठिकाणी फक्त सॉरडोचा किंवा पेस्ट घातलेला प्रकारच द्यावा, आगाऊ रक्कम घ्यावी आणि ही संख्या एकूण क्षमतेच्या ठरावीक भागापुरतीच ठेवावी.

सणाचा दिवस आणि नंतरचे काम

रविवारी सकाळी तयार ऑर्डरी नावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावून ठेवाव्यात आणि त्यांच्यासाठी काउंटरवर वेगळी रांग असावी. नेहमीचा पाव घ्यायला आलेल्या माणसाला भेटीच्या खोक्यांमागे उभे राहावे लागू नये. ऐन वेळी येणाऱ्यांसाठी ठेवायचा माल नेहमीच्या रविवारच्या विक्रीकडे पाहून ठरवावा आणि त्यावर नावे घालू नयेत. संध्याकाळी उरलेला ब्रेड काप करून, दोनदा भाजून टोस्ट म्हणून विकता येतो किंवा त्याचा चुरा पुढच्या आठवड्याच्या पुडिंगमध्ये वापरता येतो. डाग पडलेले ब्रेड मात्र सवलतीत काढू नयेत. अर्ध्या किमतीला घेतलेला ब्रेडही शेवटी कोणाच्या तरी वडिलांसमोर कापला जातो.

सोमवारी लगेच नोंद करावी: किती मागणी आली, कोणत्या दिवशी सर्वाधिक आली, कोणत्या टप्प्यावर काम अडले, किती उरले आणि तक्रार कशाची होती. तीन-चार दिवसांनी ग्राहकांना ‘ब्रेड कोणत्या दिवशी कापला आणि तेव्हा तो मऊ होता का?’ एवढाच प्रश्न पाठवावा. येणाऱ्या उत्तरांवरून पुढच्या वर्षी पाण्याचे प्रमाण, भाजण्याचा दिवस आणि पिशवीचा प्रकार बदलायचा की नाही, ते ठरवता येईल, आणि ज्यांनी सविस्तर उत्तर दिले त्यांची यादी पुढच्या वर्षीच्या पहिल्या सूचनेसाठी वेगळी काढून ठेवता येईल.